एकवीस दिवस गाईचे असतात

नाव: उकंडराव वामनराव गावंडे. वय: बावन्न. धंदा: कृत्रिम रेतन सेवक, खाजगी. राहणार: मौजे सोनखेडी, तालुका नेर, जिल्हा यवतमाळ. कार्यक्षेत्र: चौदा गावं व तीन तांडे. वाहन: मोटारसायकल एक, मागच्या सीटवर नायट्रोजनची टाकी एक, टाकीत निरनिराळ्या नामांकित वळूंचं वीर्य. ओळखीची खूण: डावा दंड उजव्यापेक्षा जाड, कारण सव्वीस वर्षं गाईच्या आत जातो तो डावा हात. सदर इसमाच्या प्रयत्नाने परिसरात आजवर अंदाजे नऊ हजार वासरं जन्मास आली असून त्याच्याविरुद्ध पशुपालकांची एकही लेखी तक्रार नाही. तोंडी तक्रारी मोजलेल्या नाहीत. सदर इसमाच्या ताब्यात म्हैस एक व कुत्री एक आहे. पैकी कुत्रीच्या प्रजननाबाबतचा निर्णय प्रलंबित आहे.

प्रलंबित हा शब्द कचेरीत भारदस्त वाटतो. घरात त्यालाच ‘तुमच्यानं एक काम होत नाही’ असं म्हणतात, आणि उकंडरावांच्या पत्नी वर्षाबाई ते चहाच्या आधी एकदा आणि जेवणानंतर एकदा म्हणत असत.

मुळात कुत्री त्यांची नव्हतीच. त्यांची मुलगी समीक्षा नागपुरात नर्सिंग शिकत असताना मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची, तिथे तिने ही पाळली. जात लॅब्राडोर, रंग खव्याचा, म्हणून नाव बर्फी. मे महिन्यात समीक्षाला नोकरी लागली, नोकरीबरोबर हॉस्टेल मिळालं, हॉस्टेलात कुत्री चालेना. तेव्हा चार वर्षांची बर्फी सोनखेडीला आली. सोबत एक गादी, एक कंगवा आणि एक एक्स-रे आला.

एक्स-रे बर्फीच्या खुब्यांचा होता. समीक्षानं तो खिडकीला लावून बापाला दाखवला.

“बाबा, नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं हाये, दोन्ही खुबे ढिले हायेत. पिलं होऊ द्याची नाहीत. पोटातलं ओझं झेपनार नाही तिले, मागून बसून जाईल. ऑपरेशन करून घ्या.”

उकंडरावांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. लहान चणीच्या गावरान गाईला कोणी हौसेनं मोठ्या विलायती वळूच्या वीर्याची कांडी भरून घेतो, वासरू अंगाबाहेर वाढतं, वेताच्या वेळी अडतं, आणि ओढून काढल्यावर गाय मागच्या पायांवर उभीच राहत नाही. अशी बसलेली गाय ते वर्षातून दोन-तीनदा पाहत. पोटाखाली पोती घालून बांबूवर उचलायची, चार माणसांनी धरायची, पुन्हा खाली ठेवायची. काही उठतात. काही नाही उठत. न उठणाऱ्या गाईचे डोळे पाहून घरी आलं की त्यांना त्या दिवशी जेवण जात नसे. त्यांनी एक्स-रे कपाटावर ठेवला आणि ठरवलं, पिलं नकोत.

ठरवलं, पण मनात. तोंडानं बोलायची सोय नव्हती. कारण सव्वीस वर्षं चौदा गावांत हा माणूस एकच वाक्य सांगत फिरला होता: जनावर रिकामं ठेवू नका. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्यांच्या नावानिशी ते रंगवलेलं होतं. आता त्याच भिंतीसमोरून चार वर्षांची रिकामी कुत्री घेऊन रोज सकाळी फिरायला जायचं म्हणजे जरा अवघडच होतं.

लोकांनी ते अवघडपण ताबडतोब ओळखलं. सगळ्यात आधी तांड्यावरच्या रामधन राठोडांनी. रामधनभाऊ उकंडरावांच्याच वयाचे, कापूस-तूर पिकवणारे, तीन दुभत्या गाई बाळगून असणारे, आणि बोलायला एक नंबर. उकंडरावांचा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत असे तेव्हाच नेमका त्यांना प्रश्न सुचे. त्या अवस्थेत माणसाला उठून जाता येत नाही.

“डॉक्टर, मले एक सांगा,” रामधनभाऊ म्हणाले. परिसरात उकंडरावांना डॉक्टरच म्हणतात, त्यांनी कधी दुरुस्ती केली नाही. “माही गाय दोन महिने खाली राह्यली त तुमी मले अख्ख्या तांड्यासमोर झाडलं. अन् तुमची कुत्री चार वर्साची झाली, कोरी. हे कसं काय भिया?”

“गाय वेगळी, कुत्री वेगळी.”

“कोनं सांगतलं? कुत्रीनं?”

“गाय धरा ना नीट, रामधनभाऊ. लाथ बसली त मले बसनार हाये, तुमाले नाही.”

“धरलीच हाये. तुमी दुसऱ्याच्या घरी पाळणे हालवत फिरता, म्हून इचारलं.”

गोठ्याबाहेर उभ्या दोघा-तिघांना हे फार आवडलं. आठ दिवसांत ते नेरच्या बस स्टँडपर्यंत पोचलं आणि तिथल्या चहावाल्यानं उकंडरावांना ते नवीन म्हणून ऐकवलं.

मग कपिल आला. कपिलचं नेरला कृषी केंद्र होतं, बियाण्या-खतांचं दुकान, आणि दुकानाच्या काउंटरखाली झोपणारा मेजर नावाचा बेचाळीस किलोंचा लॅब्राडोर होता. मेजरची वंशावळ कपिलनं लॅमिनेट करून लावली होती. स्वतःच्या आजोबांचा फोटो त्याला अजून शोधायचा होता.

“काका, तुमी त यातले मास्टर,” कपिल दर रविवारी यायचा आणि इथूनच सुरुवात करायचा. “मेजर फुकट उभा हाये. तुमच्या बर्फीचं बी वय चाललं. मले फक्त एक पिलू द्या, पसंतीचं.”

“पाहू.”

“पाहू नका म्हनू काका, तारीख सांगा.”

उकंडराव मेजरकडे पाहत. त्यांना मेजर दिसत नसे. रुंद डोक्याची पाच-सहा पिलं दिसत, आणि त्यांच्याखाली ढिल्या खुब्यांची बर्फी. ते म्हणत, “चहा घेनार?” कपिल चहा घ्यायचा आणि गावात सांगायचा की काकांचं जवळजवळ नक्की झालं.

त्यावर गावानं पिलं वाटून घेतली. दिवाळीपर्यंत अकरा जणांनी नावं दिली होती. सगळ्यांना पिलू पाहिजे होतं ते जागलीसाठी, कारण तुरीत आणि हरभऱ्यात रानडुकरं येत होती आणि एवढं थोराड अंगाचं कुत्रं राखणीला असावं असं सर्वांचं मत पडलं. नोव्हेंबरात बर्फीला वावरात खरंखुरं रानडुक्कर दिसलं तेव्हा तिनं शेपटी हलवून त्याचं स्वागत केलं होतं. हे उकंडरावांनी अकराही जणांना सांगितलं. अकराही जण म्हणाले, पिलू आमच्या घरी वाढलं की सुधारेल.

घरची आघाडी वेगळीच. वर्षाबाईंना कुत्रीचे केस चालत नव्हते, तिचं पलंगावर चढणं चालत नव्हतं, तिच्यासाठी वेगळी भाकर थापणं तर मुळीच चालत नव्हतं. पण तिला पिलं झालीच पाहिजेत यावर त्या ठाम होत्या.

“एक वेत होऊ द्या, मंग कराचं ते करा. बाईच्या जातीले एक बार तरी पाह्यजे.”

“अवं, पन तिचे खुबे...”

“माहे गुडघे पाह्यले का कधी? समीक्षा झाली तवा कोनी एक्स-रे काढला होता?”

उकंडराव गोठ्यात गेले आणि म्हशीला, गरज नसताना, पाणी दाखवलं.

डिसेंबरात ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, एका सकाळी, फरशीवर लाल थेंब दिसले. दुपारपर्यंत फाटकाबाहेर आठ कुत्रे जमले. त्यातला एक पाच किलोमीटरवरच्या तांड्यावरून आला होता. उकंडरावांनी त्याला तुटक्या कानावरून ओळखलं. संध्याकाळी कपिलचा फोन, त्याला कोणी कळवलं देव जाणे. “काका, आजपासून मोजा. बारावा-तेरावा दिवस बरोबर राहते. मी मेजरले घेऊनच येतो.”

आणि मग उकंडराव एकदाचे मोठ्यानं बोलले. फोनवर बोलले, वर्षाबाईंसमोर बोलले, कुंपणापाशी उभ्या शेजाऱ्यालाही ऐकू जाईल असं बोलले. “नाही म्हंजे नाही! मेजर नाही अन् कोनीच नाही. मी ऑपरेशन करून राह्यलो. ज्याले पिलू पाह्यजे त्यानं सवता व्यावं!”

सात महिन्यांचं प्रलंबित प्रकरण असं एका वाक्यात मिटलं. त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तालुक्याच्या पशुदवाखान्यातल्या डॉक्टर प्रेरणा मॅडमना फोन लावला. मॅडम नवीन होत्या, वयानं समीक्षापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या.

“आत्ता ऑपरेशन नको, काका. माजावर असताना रक्तस्राव जास्त होतो. दोन महिन्यांनी आणा. तोपर्यंत एक करा, एकवीस दिवस तिला बाहेर अजिबात सोडू नका. मोजून एकवीस.”

“हो मॅडम,” उकंडराव म्हणाले आणि फोन ठेवून जरासे हसले. चौदा गावांत एकवीस या आकड्याशी त्यांच्याइतकी कोणाची ओळख नव्हती. गाय एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. आज कांडी भरली आणि एकविसाव्या दिवशी गाय ओरडली नाही, तर समजायचं, लागली. ओरडली तर उलटली. सव्वीस वर्षं त्यांची झोप, त्यांची इभ्रत आणि त्यांचं नाव एकवीस या आकड्यावर उभं होतं. आणि ही पोरगी तो गाईचा आकडा उचलून कुत्रीला लावत होती. पुस्तकं वाचून पास झालेल्यांचं असं होतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी मॅडमना माफ केलं.

तरी फाटक लावलं. दोरीवर धरून, दुसऱ्या हातात काठी घेऊन, ते बर्फीला दिवसातून दोनदा घरामागच्या मोकळ्या जागेत न्यायचे, आणि आठ कुत्रे सन्मानपूर्वक अंतर राखून बरोबर चालायचे. बर्फी दिवसभर रडायची. फाटकाच्या पत्र्यावर तिनं नखांनी दोन चांदीसारखे पट्टे उमटवले. कपिल रोज फोन करून दिवस मोजून दाखवायचा: “काका, आज आठवा. अजून टाइम हाये, इचार करा.” गाई भरवायला गेलेल्या प्रत्येक दारी लोक आधी कुत्रीची चौकशी करत, मग गाय दाखवत. रामधनभाऊंनी विचारलं, “कैदी कशी हाये?”

अकराव्या दिवशी फरशी स्वच्छ राहिली. बाराव्या दिवशी सकाळीही स्वच्छ. उकंडरावांनी गादी उचलून पाहिली, कोपरे पाहिले, आणि कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, “संपला माज.”

वर्षाबाई तुरी निवडत होत्या. “मॅडमनं एकवीस दिवस सांगतले ना?”

“एकवीस दिवस गाईचे असतात, समीक्षाची माय. गाईले माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त दिसते. रक्त दिसलं म्हंजे माज गेला. हिचं त रक्त येऊन, थांबून, वाळून गेलं. आता आनखी कायले कोंडाचं तिले?”

“तुमाले समजते ना?”

“मले नाही समजनार त कोनाले समजनार?”

या प्रश्नाचं उत्तर पुष्कळ लांबवर पसरलेलं होतं. ते कपिलला माहीत होतं. मॅडमना माहीत होतं. फाटकाबाहेरच्या आठही जणांना, शाळेत न जाता, माहीत होतं. कुत्रीचं सगळं गाईच्या उलट असतं: रक्त येतं ती नुसती तयारी, आणि रक्त थांबतं तेव्हा माज खरा सुरू होतो. चौदा गावांत ही गोष्ट ठामपणे चुकवू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्यानं स्वतःच्या हातानं फाटकाची कडी काढली.

बर्फी गेली. दोन तासांनी परत आली, पाठीला कुसळं लागलेली, पाणी प्यायली आणि झोपली. तिचं समाधान पाहून उकंडरावांना बरं वाटलं. मुक्या जनावराला उगाच कोंडून ठेवलं नाही, हा विचार त्या दिवशी त्यांच्या मनात तीनदा आला.

जानेवारीच्या अखेरीला वर्षाबाई म्हणाल्या, “ही जड झाली.”

“थंडीचं खानं हाये.”

आठवड्यानं त्या पुन्हा म्हणाल्या, “खानं खाली लोंबत नाही.”

तीन महिन्यांची गाभण गाय डोळे मिटून, दोन मिनिटांत, एका हातानं सांगणारा माणूस ओट्यावर बसला आणि त्यानं बर्फीच्या पोटाखाली हात धरला. दोन मिनिटं लागली नाहीत. हात तिथेच राहिला. बर्फीनं त्यांचं मनगट चाटलं. मग ते म्हणाले, “कोनाचं असंल?”

“मले काय इचारता? मी सोडलं होतं का फाटक?”

समीक्षाला फोन त्यांनाच करावा लागला. ती एवढंच म्हणाली, “बाबा, तुमी?” सव्वीस वर्षांत उकंडरावांना लोकांनी पुष्कळ बोलून घेतलं होतं. एवढं लागलं नव्हतं.

प्रेरणा मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, “कितव्या दिवशी सोडली?”

“बाराव्या.”

मॅडमनी कागदावर बारा लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. मग म्हणाल्या, आता काढायचं म्हटलं तरी तिच्या जिवाला धोका आहे, होऊ द्या. खाणं बेतानं द्या, पायऱ्या चढू देऊ नका, फरशीवर घसरू देऊ नका. पिलं लहान असली तर निभावेल. त्यानंतर तीन आठवडे सोनखेडीच्या त्या घरात पोत्यांच्या गालिच्यावरून एक कुत्री चालत होती आणि पुढे-मागे एक माणूस वाकून चालत होता. कपिलचे रविवार बंद झाले.

फेब्रुवारीत एका दुपारी बर्फी गादी उकरू लागली. उकंडरावांनी त्या दिवशी तीन गाईंचे निरोप परत पाठवले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. “डॉक्टर, गाईचा माज जाईल ना!” असं फोनवर ओरडणाऱ्याला ते म्हणाले, “जाऊ द्या.” सवयीनं त्यांनी शर्ट काढला, डावा हात खांद्यापर्यंत साबणानं धुतला, तेल लावलं, आणि बर्फीसमोर बसले. मग तो हात त्यांनी पाहिला. नऊ हजार वासरांच्या कामी आलेला तो जाडजूड हात इथं कोणत्याच उपयोगाचा नव्हता; दोन बोटंसुद्धा जास्त झाली असती. तेल लावलेला हात मांडीवर ठेवून ते चार तास नुसते बसून राहिले. वर्षाबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, “हिचं काही होनार नाही ना?” एक वेत झालंच पाहिजे असं म्हणणाऱ्या त्याच. उकंडरावांनी मान हलवली, पण होकारार्थी की नकारार्थी ते त्यांनाही ठरवता आलं नाही.

चार पिलं झाली. लहान, लांबोडकी, सडपातळ, एकही अडलं नाही. मेजरची असती तर काय झालं असतं, हे उकंडरावांच्या मनात आलं आणि ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले. आत आले तेव्हा बर्फी उठायचा प्रयत्न करत होती. पुढचे पाय उठले. मागचे उठले नाहीत.

पुढचे आठ दिवस गावानं जे पाहिलं ते असं: उकंडराव गावंडे खांद्यावरचा दुपट्टा कुत्रीच्या पोटाखालून घालतात, दोन्ही टोकं वर धरतात, तिचा मागचा भाग उचलतात आणि तिला नैसर्गिक विधीसाठी रस्त्यापलीकडे नेतात. दिवसातून पाच वेळा. लोक सल्ले देत. कोणी म्हणे एरंडेल चोळा, कोणी म्हणे सुईण बोलवायची होती. तिसऱ्या दिवशी रामधनभाऊ मोटारसायकल थांबवून पाहत राहिले. उकंडरावांना वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. रामधनभाऊंनी गाडी स्टँडवर लावली आणि दुपट्ट्याचं एक टोक हातात घेतलं.

“तुमच्या तांड्यावरच्या तुटक्या कानवाल्याचे दिसून राह्यले,” उकंडराव जमिनीकडे पाहत म्हणाले.

“मंग सोयरे झालो आपण,” रामधनभाऊ म्हणाले. “जरा वर उचला, तिचा पाय घासून राह्यला.”

नवव्या दिवशी बर्फी आपली आपण उठली, लंगडत फाटकापर्यंत गेली आणि तिथे बसली. मागचा डावा पाय ती अजूनही पूर्ण टेकवत नाही. प्रेरणा मॅडम म्हणतात, टेकवेल किंवा नाही टेकवणार.

कपिल एकदा येऊन पिलं पाहून गेला. “काका, हे त क्रॉस निघाले ना,” तो दुःखानं म्हणाला. उकंडरावांनी आयुष्यभर घरोघरी संकरित वासरांचं महत्त्व पटवून दिलं होतं. त्या विषयावर त्यांच्यापाशी तासाभराचं भाषण तयार होतं. त्यांनी ते केलं नाही. अकराच्या अकरा नावं अशीच गळाली. कोणाच्या घरी म्हातारीला कुत्र्याची भीती निघाली, कोणाच्या वावरातली डुकरं अचानक कमी झाली. शेवटी दोन पिलं रामधनभाऊंनी नेली, ‘आमचीच हायेत’ म्हणून. एक वेशीवरच्या हॉटेलवाल्या हंसाबाईंनी नेलं. एक वर्षाबाईंनी कोणाला देऊ दिलं नाही. त्याच्यासाठी वेगळी भाकर त्या स्वतः, न सांगता, थापतात.

एप्रिलमध्ये बर्फीचं ऑपरेशन झालं. येणेप्रमाणे उकंडराव वामनराव गावंडे यांच्या ताब्यातील कुत्रीच्या प्रजननाबाबतचा निर्णय अंतिम झाला असून तिच्यापासून पुढील प्रजोत्पत्ती कायमस्वरूपी बंद करण्यात आली आहे. एकवीस दिवसांसंबंधीचा गैरसमज संबंधितांनी दूर करून घेतला आहे. सबब सदर प्रकरण निकाली काढण्यात येत असून त्यावर यापुढे कोणत्याही कार्यवाहीची आवश्यकता उरलेली नाही.

घरी ठेवलेलं पिलू मादी आहे.